छातीतला पू : घाई केव्हा, उशीर केव्हा?

शस्त्रक्रिया म्हटली की आपण हात कुणाचा एवढेच विचारतो. वेळ कोणती, हे विचारत नाही. फुप्फुसाभोवती पू साचण्याच्या आजारात (एम्पायमा) मात्र वेळच निर्णायक ठरते. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करी छावण्यांत न्यूमोनियानंतर हा आजार पसरला. सर्जन लगेच छाती उघडून पू काढत, आणि सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत. याचा शोध घेण्यासाठी १९१८ साली नेमलेल्या आयोगातील सर्जन एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी कारण दाखवले: पू पातळ असताना फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेले नसते, छाती उघडताच बाहेरची हवा आत शिरते आणि श्वासाचा दाबच कोलमडतो. बंद नळीने पू काढायचा, घाईने छाती उघडायची नाही, हे ठरल्यावर मृत्यू झपाट्याने घटले.

मग थांबणेच बरे का? तसेही नाही. पू काही आठवड्यांत घट्ट होतो, त्याचे कप्पे पडतात, शेवटी फुप्फुसावर जाड साल चढते. आता प्रतिजैविके आहेत, चिरफाड कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो. पण या कप्प्यांत औषध पुरेसे पोचत नाही. नळीतून पू विरघळवणारी औषधे सोडून काहींची शस्त्रक्रिया टळते. न टळल्यास दुर्बिणीतून लहान छेदांनी काम होते. साल पक्की झाली, की बहुधा छाती उघडून ती सोलावी लागते. क्षयरोगानेही असा पू साचतो, त्यामुळे आपल्या देशात असे उशिरा आलेले रुग्ण कमी नाहीत. न्यूमोनियाच्या उपचारांनंतरही ताप हटत नसेल, तर छातीची सोनोग्राफी करायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.