पिल्लू हाकेला येत नाही? भाकरीचा तुकडा घ्या
वस्तीवर पिल्लू आणलं की धास्ती विहिरीची अन् रस्त्याची. आमच्या आधीच्या कुत्र्याला मी मारून शिकवायचो. हाक ऐकली की ते लांब पळायचं. तसंच ट्रॅक्टरखाली गेलं.

यंदा पद्धत बदलली. आधी नुसतं 'शाब्बास' म्हणायचं अन् लगेच भाकरीचा नखाएवढा तुकडा द्यायचा. असं 10-15 वेळा. 'शाब्बास' म्हणजे खाऊ, हे त्याला कळतं. मग 'ये' म्हणा. ते वळलं की त्याच क्षणी 'शाब्बास', जवळ आलं की तुकडा. उशीर केला तर भलतंच शिकतं. 'बस'साठी तुकडा नाकावरून मागं न्या, बूड आपोआप टेकतं. जेवणाआधी पाच मिनिटं पुरे. कांदा, द्राक्षं, मनुके मात्र देऊ नका, कुत्र्याला बाधतात.

घरात सगळ्यांचा शब्द एकच हवा. आमची आई अजून 'यू यू'च करते.