पेपर छापून आला म्हणजे संशोधन झालं?

प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षा जवळ आल्या की कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाची मुलं अभिमानानं सांगतात, ‘सर, आमचा पेपर इंटरनॅशनल जर्नलला पब्लिश झाला.’ संगमनेर, लोणी, कोपरगाव, नगर, कुठंही जा, पेपर छापला म्हणजे संशोधन झालं हा समज भेटतोच. तो चुकीचा आहे, आणि किती वेळा सांगायचं!

संशोधनाचा लेख जाणकार समीक्षक वाचतात, शंका काढतात, प्रयोग पुन्हा करायला लावतात. त्यात महिने जातात. चार दिवसांत ‘ॲक्सेप्टेड’ आणि पाठोपाठ पैसे भरायची लिंक, ही समीक्षा नव्हे. आयएसएसएन हा नियतकालिकाचा ओळख क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नाही. ‘यूजीसी अप्रूव्ह्ड’चं म्हणाल, तर विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) मे २०१८ मध्ये आपल्या यादीतून ४,३०५ जर्नलं काढली आणि नंतर आणलेली जर्नलांची ‘केअर’ यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. शंका असेल तर ‘करंट सायन्स’मधला २०१८ चा भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांचा लेख वाचा. विद्यापीठांच्या शिफारशीनं यूजीसीच्या यादीत आलेल्या जर्नलांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असू शकतात, असं त्यांना तपासणीत आढळलं. पटवर्धन तेव्हा पुणे विद्यापीठात प्राध्यापक होते.

खरं नुकसान होतं ते विषयाचं. पानाच्या फोटोवरून रोग ओळखणारा प्रोजेक्ट दरवर्षी होतो, आणि निष्कर्ष ठरलेला: ९९ टक्के अचूकता. हा आकडा बहुधा ‘प्लँटव्हिलेज’ या फोटोसंचाचा असतो. मोहंती, ह्यूज आणि सालाते यांनी २०१६ मध्ये त्यातल्या ५४,३०६ फोटोंवर ९९.३५ टक्के अचूकता मिळवली. मात्र वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर ती ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली, हेही त्यांनी त्याच लेखात लिहिलं. ते कुणी वाचतच नाही! संचातली पानं तोडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेली आहेत. शेतात ऊन, सावली, माती, शेजारची पानं असतात. शिवाय त्या १४ पिकांत ऊस नाही, कांदाही नाही. मग नगरच्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग?

राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. कांद्याच्या करप्याचे, उसाच्या तांबेऱ्याचे फोटो शेतात जाऊन काढा, रोगाची खात्री तिथल्या तज्ज्ञांकडून करून घ्या, मॉडेल कुठं चुकलं ते लिहा. अचूकता ७० टक्के आली तरी ते संशोधन आहे.

आणखी काही समज. पैसे घेणारं प्रत्येक जर्नल बोगस? नाही, चांगली ओपन ॲक्सेस जर्नलंही शुल्क घेतात, पण समीक्षेनंतर. पीएचडीला जर्नलमधला पेपर सक्तीचा? यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत ती अट नाही. परिषदेतला पेपर दुय्यम? आजच्या चॅटबॉटांचा पाया असलेला ट्रान्सफॉर्मरचा लेख २०१७ मध्ये परिषदेतच मांडला गेला.

विद्यार्थ्यांनो, पैसे भरण्याआधी समीक्षकांचे लेखी शेरे मागा. ते मिळत नसतील तर तिथं पेपर देऊ नका.