दोषनिदानातील अन्वय-व्यतिरेक : जुन्या मोटारीचा पॉवर स्टीअरिंग पंप

१. प्रास्ताविक

जुन्या मोटारीचे स्टीअरिंग जड झाले किंवा ते वळविताना पुढून आवाज येऊ लागला, की ‘पंप गेला’ असे सहज म्हटले जाते. हे वाक्य निदानाच्या थाटात उच्चारले जात असले तरी वस्तुतः ते केवळ अनुमान होय. आणि तेही हेतूची परीक्षा न करता काढलेले. त्याचे परिणाम मात्र खरे असतात. निर्दोष पंप काढून टाकला जातो, त्याच्या जागी कमी प्रतीचा पंप येतो, आणि सैल पट्टा किंवा झिरपणारी रबरी नळी हा मूळ दोष जागच्या जागी राहतो. झिरपणारे तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडल्यास पेट घेऊ शकते, हे लक्षात घेता अशी चूक केवळ खर्चाची राहत नाही.

भाषाशास्त्राच्या पत्रिकेत मोटारीच्या पंपाची चर्चा कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर पद्धतीत आहे. ‘वृक्षः’ आणि ‘वृक्षौ’ ही दोन रूपे शेजारी ठेवून पतंजलीने महाभाष्यात दाखविले आहे की, जो अंश कायम राहतो त्याच्याशी कायम राहणारा अर्थ जोडावा व जो अंश बदलतो त्याच्याशी बदलणारा. हाच अन्वय-व्यतिरेक. एक घटक बदलावा, बाकीचे स्थिर ठेवावेत आणि काय टिकले, काय गेले ते पाहावे. पंपाच्या दोषाचे स्थान निश्चित करण्याचा विश्वसनीय मार्गही हाच आहे, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. विवेचनासाठी जनरल मोटर्सच्या साठच्या व सत्तरच्या दशकांतील अनेक गाड्यांवर असलेला सॅगिनॉ पंप निवडला आहे.

२. रचना

फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२६ मध्ये पिअर्स-अ‍ॅरो गाडीवर द्रवचालित स्टीअरिंग बसवून दाखविले. परंतु विक्रीच्या प्रवासी मोटारीत ते प्रथम आले ते १९५१ च्या क्रायस्लर इंपीरियलमध्ये. तत्त्व साधे आहे. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेलाचा प्रवाह अखंड चालू ठेवतो. चाके सरळ असताना स्टीअरिंग गिअरमधील झडप उघडी असते व तेल अल्प दाबाने टाकीत परतते. चालकाने चक्र वळविताच ही झडप परतीची वाट अरुंद करते, दाब वाढतो आणि तो दाब चाके वळविण्यास साहाय्य करतो. म्हणजे पंप प्रवाह देतो. दाब उत्पन्न होतो तो विरोधामुळे. हा भेद ध्यानी न घेतल्यास पुढील निदान चुकते.

सॅगिनॉ पंपात एका अंडाकृती कड्याच्या आत रोटर फिरतो. रोटरच्या खाचांत दहा पाती असतात; ती बाहेर सरकून कड्याच्या आतील पृष्ठाला टेकतात आणि एका फेऱ्यात दोनदा तेल ओढून दोनदा ढकलतात. प्रवाह व कमाल दाब यांचे नियमन करणारी एक झडप पंपातच असते. तेलाची पत्र्याची टाकी पंपाला बाहेरून वेढून असते. त्यामुळे टाकीपासून पंपापर्यंत तेल आणणारी वेगळी नळी या रचनेत नसते.

३. आवाजांची परिभाषा

शेव्हरोलेच्या सत्तरच्या दशकातील दुरुस्तीपुस्तिकांत स्टीअरिंगच्या दोषांची जी कोष्टके आहेत, ती भाषाभ्यासकाला विशेष रोचक वाटावीत. त्यांचा मोठा भाग आवाजांच्या नावांवर उभा आहे: ग्रोन, ग्राउल, स्क्वील, चर्प, रॅटल, हिस. मराठीत त्यांना अनुक्रमे कण्हणे, गुरगुरणे, किंचाळणे, चिवचिवणे, खडखडणे व फुत्कारणे असे म्हणता येईल.

या नावांचे मूल्य परस्परविरोधातून ठरते. कण्हणे हे तेल कमी असल्याचे किंवा तेलात हवा मिसळल्याचे चिन्ह. चाके शेवटच्या टोकापर्यंत वळविल्यावर किंवा गाडी जागच्या जागी वळविताना येणारी किंचाळी सैल पट्ट्याची. चिवचिवही बहुधा पट्ट्याचीच. खडखड पाती नीट न बसल्याची अथवा खाचांत अडकल्याची. उभ्या गाडीचे चक्र पुरते वळविले असता ऐकू येणारा फुत्कार मात्र दोषच नव्हे. अरुंद वाटेतून तेल जाताना तो होतो व अशा सर्वच यंत्रणांत तो थोडाफार असतो.

परंतु गुरगुर हा शब्द अनेकार्थी आहे. नळीत अथवा गिअरमध्ये अडथळा येऊन परतीच्या तेलाचा दाब वाढला तरी पंप गुरगुरतो; आणि पंपातील कडे किंवा त्यालगतच्या तबकड्या झिजल्या, चरे पडले तरीही गुरगुरतो. पहिला दोष पंपाबाहेरचा, दुसरा पंपातला, आवाज एकच. नैयायिकांच्या भाषेत हा हेतू व्यभिचारी होय. स्टीअरिंगच्या जडपणाचेही तसेच आहे. चक्र जलद वळविताना क्षणभर जड लागते ते तेल कमी असल्याने, पट्टा घसरल्याने, किंवा पंपात अंतर्गत गळती असल्याने. तिन्ही कारणांचे लक्षण समान आहे. म्हणून आवाज व जडपणा यांवरून कोठे पाहावे ते समजते. दोष तेथेच आहे हे मात्र सिद्ध होत नाही.

४. प्राथमिक परीक्षा

प्रथम तेलाची पातळी पाहावी. ती कमी असल्यास त्या गाडीसाठी निर्मात्याने सांगितलेलेच तेल घालावे. साठच्या दशकातील फोर्ड गाड्यांना ‘टाइप एफ’ तेल सांगितलेले असे, जनरल मोटर्सच्या गाड्यांना वेगळे. ब्रेकचे तेल येथे कदापि घालू नये. त्याने सील बिघडतात. तेल घातल्यावर कण्हणे थांबले, तर आयुर्वेदातील निदानपंचकात ज्यास उपशय म्हणतात तशी ही परीक्षा झाली: उपचाराने लक्षण शमले, यास्तव कारण कळले. परंतु तेल कमी का झाले हा प्रश्न शिल्लक राहतोच.

तेल दुधाळ किंवा फेसाळ दिसल्यास त्यात हवा आहे. इंजिन बंद ठेवून पुढची चाके उचलावीत, चक्र दोन्ही बाजूंस अनेकदा वळवावे, टोकाला आपटू देऊ नये आणि मधून मधून पातळी राखावी. तेल काही वेळ स्थिर राहू दिल्यावर इंजिन चालू करून पुन्हा पाहावे.

त्यानंतर पट्टा. तो योग्य ताणून तोच प्रयोग पुन्हा करावा. किंचाळी गेली तर पंप निर्दोष ठरला. ताण देताना पहार टाकीच्या पत्र्याला टेकवू नये. पत्रा दबतो आणि नसलेली गळती सुरू होते.

गळतीचे स्थान शोधताना एक नियम पाळावा: जेथे थेंब पडतो ते उगमस्थान नव्हे. तेल पत्र्यावरून खाली ओघळते. सर्व भाग पुसून कोरडे करावेत, इंजिन चालू करावे आणि पहिला ओलावा कोठे दिसतो ते पाहावे. सॅगिनॉ पंपात टाकी व पंप यांमधील रबरी कडी, दंडाचे सील व नळ्यांचे सांधे ही संभाव्य स्थाने. साठच्या दशकातील फोर्ड मस्टँगमध्ये नियंत्रक झडप व साहाय्यक सिलिंडर पंपापासून दूर, स्टीअरिंगच्या दांड्यांपाशी असतात; तेथील गळती पंपाच्या नावावर सहज खपते. तपासताना दाबाच्या नळीवर हात फिरवू नये. सूक्ष्म छिद्रातून उडणारे तेल त्वचेत शिरू शकते. पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा.

५. दाबमापनाची कसोटी

वरील परीक्षांनंतरही जडपणा राहिला, तर निर्णायक प्रयोग करावा. पंप व गिअर यांमधील दाबाच्या नळीत एक दाबमापक बसवावा आणि त्याच्या पुढे, गिअरच्या बाजूस, बंद करता येणारी तोटी. तेल गरम होऊ द्यावे. तोटी उघडी, चाके सरळ व इंजिन मंद असताना दाब सामान्यतः चौरस इंचास ८० ते १२५ पौंड असतो. तो २०० च्या वर गेल्यास नळ्यांत अडथळा शोधावा.

आता तोटी क्षणमात्र बंद करावी, ५ सेकंदांपेक्षा अधिक नव्हे, अन्यथा पंप तापून बिघडतो. असे तीनदा करून कमाल दाब टिपावा. येथे गिअर प्रयोगातून पूर्णपणे वगळला गेला आहे. उरला तो केवळ पंप. हाच व्यतिरेक. तिन्ही आकडे पुस्तिकेतील मर्यादेत व परस्परांपासून ५० पौंडांच्या आत असतील, तर पंप कार्यक्षम आहे. आकडे उच्च असून त्यांत ५० पौंडांहून अधिक तफावत असेल, तर नियामक झडप अडकत आहे. ती काढून स्वच्छ करावी. आकडे एकसारखे पण कमी असतील, तर आधी झडप बदलून पुन्हा मापावे; तरीही कमीच राहिल्यास रोटर व पाती झिजली आहेत असे समजावे.

पंप कार्यक्षम ठरल्यावर तोटी उघडी ठेवून चाके दोन्ही टोकांना वळवावीत. दाब पूर्वीच्या कमाल आकड्यापर्यंत चढला नाही, तर गळती गिअरच्या आत आहे. चढला आणि तरीही स्टीअरिंग जड असेल, तर द्रवयंत्रणेचा शोध सोडून टायरमधील हवा, सांध्यांचे वंगण व दांड्यांचे घर्षण यांकडे वळावे.

६. तात्पर्य

या कसोटीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दाबमापक दाबाविषयी बोलतो, बाहेरच्या गळतीविषयी नव्हे. शिवाय एकाच वेळी दोन दोष असल्यास, उदाहरणार्थ पट्टा सैल आणि पातीही झिजलेली, एक दुरुस्त केल्याने लक्षण पूर्ण जात नाही आणि पहिले निदान चुकले असा भास होतो. यास्तव प्रत्येक दुरुस्तीनंतर परीक्षा पुन्हा पहिल्यापासून करावी, व एका वेळी एकच घटक बदलावा. तेल, पट्टा व पंप एकदम बदलल्यास गाडी कदाचित सुधारेल, परंतु दोष कोठे होता हे कधीच कळणार नाही; तो पुन्हा उद्भवला तर शोध आरंभापासून करावा लागेल. व्याकरणात प्रकृती व प्रत्यय दोन्ही एकदम बदलून कोणाचाही अर्थ हाती लागत नाही, त्याचे कारणही हेच आहे.