खाडीपलीकडची सोबत
लेखमाला : आपली माणसं – लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण कायदा पाहिला : ट्रान्सजेंडर व्यक्तींचे हक्क मान्य करणारा २०१४ चा नालसा निकाल, ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या समलिंगी संबंधांची कलम ३७७ मधून झालेली सुटका, २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्तींचा कायदा. पण कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत, एका खोलीत घरच्या पाच जणांबरोबर राहणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलापर्यंत निकालपत्र पोहोचत नाही. पोहोचला तर एखादा फोन नंबर पोहोचतो. तो नंबर कुणाचा असतो आणि फोन उचलल्यावर पुढे काय होतं, ते आज पाहू.

मुंबईत समलिंगी आणि ट्रान्स माणसांसाठीची ही सोबत उभी राहिली तेव्हा कायदा विरोधात होता. १९९० मध्ये अशोक राव कवी यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केलं आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्टची स्थापना झाली. सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्यातल्या महापालिकेच्या जुन्या इमारतीत या संस्थेनं जागा मिळवली आणि समलिंगी, ट्रान्स माणसांना बिनधास्त बसता येईल असा एक कोपरा शहरात तयार झाला. १९९५ मध्ये स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या काही स्त्रियांनी ‘स्त्री संगम’ हा गट सुरू केला. २००२ पासून तो ‘लेबिया’ या नावानं ओळखला जातो. हमसफरचं काम एचआयव्ही प्रतिबंधाच्या निधीमुळे वाढलं. दवाखाना, समुपदेशक, पगारी कार्यकर्ते आले. लेबिया मात्र सदस्यांच्या स्वतःच्या वेळेवर आणि खिशावर चालत राहिली. मला दोन्ही रीती गरजेच्या वाटतात. निधी आला की रक्ततपासणी होते, पण कुठल्या प्रश्नावर काम करायचं हे बऱ्याच अंशी निधीच ठरवतो. निधी नसला की मुखत्यारी आपली राहते, मात्र दिवसभर नोकरी करून आलेल्या माणसालाच रात्री अकराचा फोन घ्यावा लागतो.

नवी मुंबईच्या मुलामुलींना यातल्या बऱ्याच ठिकाणी पोहोचायला खाडी ओलांडावी लागते. वाशीहून हार्बरनं कुर्ला, मग बस नाहीतर रिक्षा. भेटीगाठी शनिवार-रविवारी ठेवल्या जातात आणि रविवारी हार्बरवर बहुधा मेगाब्लॉक असतो. तिकिटाचे पैसे कुणाकडे मागायचे, तीन-चार तास कुठे होतो म्हणून घरी काय सांगायचं, घरातला एकच मोबाईल भावाच्याही हातात असेल तर मेसेज कुठे लपवायचा, या अडचणी छोट्या वाटतात. पण पहिल्या भेटीला येतो म्हणालेली मुलं येत नाहीत, ती यांमुळेच. म्हणून अनुभवी कार्यकर्ता फोनवर आधी विचारतो, “आत्ता बोलता येईल ना?” आणि पहिली भेट मुलाच्या सोयीनं, त्याच्याच स्टेशनाजवळ, चारचौघांत ठेवतो.

खरी कसोटी लागते ती घरी कळतं तेव्हा. मारहाण होते, फोन काढून घेतात, घाईघाईनं स्थळं पाहायला लागतात. मुलगी असेल तर बाहेर जाणंच बंद होतं. कुणी ‘बरं करणाऱ्या’ डॉक्टरकडे नेतं; राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं, हे घरच्यांना ठाऊक नसतं. घर सोडण्याशिवाय इलाज उरला नाही, तर जाणते साथी आधी कागदांचं विचारतात. दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र घे, कारण त्याच्यावरून वय सिद्ध करता येतं. आधार घे, पासबुक घे, औषधं चालू असतील तर तीही. दागिना किंवा रोकड घेऊ नकोस, कारण चोरीची तक्रार होते आणि ती आसरा देणाऱ्या मैत्रिणीवरही शेकते. मग एक पत्र : मी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीनं घर सोडलं आहे, मला कुणी पळवून नेलेलं नाही. हे पत्र घराजवळच्या पोलीस ठाण्यात आणि जिथे राहायला गेलो तिथल्या ठाण्यातही द्यायचं, पोच घ्यायची. हरवल्याची तक्रार झाली आणि पोलीस दारात आले, की हा एक कागद फार कामाला येतो. प्रकरण न्यायालयात गेलं तर सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०२४ च्या मार्गदर्शक सूचना आहेत : त्या व्यक्तीशी न्यायाधीशांनी एकांतात बोलावं आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचं मन वळवू नये.

आसरा मिळायला मात्र कुणाच्या तरी घराचं दार उघडावं लागतं, आणि इथे जात आणि पैसा आडवे येतात. न्यूयॉर्कमध्ये १९७० साली मार्शा जॉन्सन आणि सिल्विया रिवेरा यांनी बेघर ट्रान्स तरुणांसाठी घर उभारलं, कारण गोऱ्या, सुस्थित समलिंगी पुरुषांच्या चळवळीत या मुलांना जागा नव्हती. आपल्याकडे तो प्रश्न जातीचा आहे. २०१५ च्या दिल्ली प्राइड मोर्चात ध्रुबो ज्योती आणि त्यांच्या साथींनी आपण दलितही आहोत आणि क्वीअरही, हे जाहीरपणे सांगितलं. महाराष्ट्रात कवयित्री दिशा पिंकी शेख जात आणि पारलिंगीपण हे दोन्ही प्रश्न एकत्र मांडत आल्या आहेत. त्या वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्याही झाल्या. इंग्रजीत ओळख करून देण्यानं सुरू होणाऱ्या बैठकीत तुर्भ्याच्या वस्तीतला मुलगा मागच्या खुर्चीवर गप्प बसतो, पुढच्या वेळी येत नाही, आणि त्याचं आडनाव ऐकून बदललेला कुणाचा तरी चेहरा त्याच्या लक्षात राहतो. म्हणूनच बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट काढून मराठीत हेल्पलाइन चालवली, मराठीत पुस्तकं लिहिली, याचं मोल मला फार वाटतं. पालकांचंही तसंच. २०१७ पासून मुंबईत ‘स्वीकार’ हा पालकांचा गट काम करतो. एका आईचं दुसरी आई ऐकते. कार्यकर्त्याचं ती ऐकेलच असं नाही.

ट्रान्स तरुणांसाठी नवी मुंबईत आणखी एक गुंता आहे. ट्रान्सजेंडर कायद्याच्या २०२० च्या नियमांनुसार ओळखप्रमाणपत्राचा अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर भरायचा आणि प्रमाणपत्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी द्यायचं. पण नेरूळ ठाणे जिल्ह्यात आणि खारघर रायगडमध्ये. पोलीस आयुक्तालय एक, जिल्हाधिकारी दोन. नेरूळची भाड्याची खोली सोडून खारघरला गेलं, की प्रकरण ठाण्याहून अलिबागला. भाडेकरार नावावर नसलेल्या मुलानं पत्ता कुठला दाखवायचा, हे त्याच्या बाजूला बसून अर्ज भरणारा साथीच समजावतो.

रात्री-अपरात्री साथी भेटला नाही आणि जीव नकोसा झाला, तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. मराठीत बोलता येतं.

हे सगळं सज्ञानांसाठी. सोळा वर्षांच्या मुलाचा फोन आला, तर बालकांच्या लैंगिक शोषणाविरोधातल्या पोक्सो कायद्याच्या धास्तीनं बहुतेक गटांना त्याला बैठकीला बोलावता येत नाही. तो मग कुणाकडे जातो, शाळेत कुणाशी बोलू शकतो, हे पुढच्या आठवड्यात.