दूरध्वनी केंद्राची रोजनिशी

रायगड जिल्ह्यातील उरण हे समुद्रकाठी वसलेले गाव आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच खाडी ओलांडून मोरा बंदराला लागते. भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर येथील लोक पिढ्यान्‌पिढ्या जगत आले. १९७४ साली अरबी समुद्रात बॉम्बे हाय येथे खनिज तेल सापडले आणि तेथील तेल व वायू समुद्रतळावरील नळांतून उरणला येऊ लागले. १९८९ साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, तर २०२४ च्या जानेवारीत आगगाडीही उरणपर्यंत पोहोचली. जेथे बंदर, गोदामे, कारखाने आणि दवाखाने एकमेकांच्या शेजारी नांदतात, तेथे वेळेवर पोहोचलेला एक निरोप कित्येकदा प्राण वाचवतो. हे निरोप पोहोचविण्याचे काम त्या त्या इमारतीतील लहानसे दूरध्वनी केंद्र करीत असते.

पूर्वी अशा केंद्रासाठी स्वतंत्र खोली लागे. तेथे बसलेली व्यक्ती तारांची टोके योग्य त्या छिद्रांत खोचून दोन माणसांचे बोलणे जुळवून देई. पुढे हे काम यंत्रे करू लागली. भारतीय अभियंत्यांनी खेड्यांसाठी घडविलेले सी-डॉट संस्थेचे छोटे केंद्र १९८६ साली बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे सुरू झाले. खोली थंड ठेवणाऱ्या यंत्राची त्याला गरज नव्हती. उन्हाळा आणि धूळ ते सहज सोशी. आज तर एका कचेरीचे सारे केंद्र जेवणाच्या डब्याएवढ्या पेटीत मावते. त्या पेटीत एक लहानसा संगणकच असतो.

ह्या संगणकाला दोन प्रकारची स्मृती असते. पहिली अतिशय चपळ, परंतु वीज जाताच सारे विसरणारी. दुसरी वीज नसतानाही सर्व काही ध्यानात ठेवणारी. तिला ‘फ्लॅश’ स्मृती म्हणतात. जपानमधील तोशिबा कंपनीचे अभियंते फुजिओ मासुओका यांनी हा शोध लावून १९८४ साली तो जगापुढे मांडला. ही स्मृती पुसण्याची क्रिया छायाचित्रकाराच्या दिव्याच्या लखलखाटासारखी क्षणात होते, म्हणून तिला हे नाव पडले. केंद्र कसे चालवावे याच्या सर्व आज्ञा ह्याच स्मृतीत साठविलेल्या असतात. ती बिघडली, तर पेटी असून नसल्यासारखीच होय.

फ्लॅश स्मृती असंख्य सूक्ष्म कप्प्यांची बनलेली असते. प्रत्येक कप्प्याभोवती वीज अडविणारा अत्यंत पातळ थर असतो. मोठा विद्युत्‌दाब देऊन इलेक्ट्रॉन ह्या थरातून आत ढकलले किंवा बाहेर ओढले जातात, आणि आतील विद्युत्‌भारावरून कप्प्यात काय नोंदले आहे हे कळते. परंतु अशा प्रत्येक ये-जेने थराला किंचित इजा होते. विहिरीच्या काठावरील दगडाला दोराच्या रोजच्या घर्षणाने खाच पडते, तसेच हे आहे. एका कप्प्यात एकच खूण ठेवणारी उत्तम स्मृती सुमारे एक लाख वेळा पुसता येते; दोन खुणा ठेवणारी स्वस्त स्मृती तीन ते दहा हजार वेळा पुसल्यावर थकते. वाचण्याने मात्र तिची फारशी झीज होत नाही. झीज होते ती पुसण्याने आणि लिहिण्याने.

येथे आणखी एक अडचण आहे. ही स्मृती एखाद्या वहीसारखी आहे. पण ह्या वहीत एक ओळ खोडून त्या जागी दुसरी लिहिता येत नाही. त्यासाठी पानांचा एक संपूर्ण गठ्ठाच कोरा करावा लागतो. शंभर बाइटांची एक नोंद बदलण्यासाठी सव्वा लाख बाइटांचा गठ्ठा पुसण्याची पाळी येऊ शकते.

आता केंद्राच्या कामाकडे पाहू. कोणी, कोणाला, केव्हा दूरध्वनी केला आणि बोलणे किती वेळ चालले, याची रोजनिशी केंद्र इमानाने लिहीत असते. समजा, दर पाच सेकंदांनी एक नोंद होते आणि प्रत्येक वेळी तोच गठ्ठा पुसला जातो. तो दहा हजार वेळा पुसणे सोसत असेल, तर पन्नास हजार सेकंदांत, म्हणजे चौदा तासांच्या आतच तो निकामी होईल! केंद्राला त्याची स्वतःची रोजनिशीच मारक ठरेल.

ह्यावर पहिला उपाय म्हणजे झीज वाटून घेणे. नवी नोंद दर वेळी निराळ्या गठ्ठ्यात केली, तर कोणा एकावर भार पडत नाही. असे एक हजार गठ्ठे पाळीपाळीने वापरले, तर चौदा तासांचे आयुष्य सुमारे एकोणीस महिन्यांचे होते. ह्यासाठी स्मृतीचा काही भाग मुद्दाम रिकामा ठेवतात.

दुसरा उपाय अधिक गुणकारी आहे. नोंदी आधी चपळ स्मृतीत जमवाव्यात आणि तासातून एकदाच फ्लॅश स्मृतीत उतराव्यात. तासाभराच्या सातशे वीस नोंदी एकाच गठ्ठ्यात मावतात. मग त्याच हजार गठ्ठ्यांना अकराशेहून अधिक वर्षे पुरेल एवढे बळ येते. तत्पूर्वी पेटीचे इतर भागच जुने होऊन जातील. शिवाय निरोपांचे ध्वनिमुद्रण दुसऱ्या मोठ्या संगणकाकडे पाठवावे. एखादी नोंद नुसती वाचली, तरी वाचल्याची वेळ टिपण्याची सवय संगणकाला असते. तीही बंद करावी. मूळ आज्ञांचा भाग तर कुलूप लावल्याप्रमाणे केवळ वाचण्यासाठी खुला ठेवावा. मग अचानक वीज गेली तरी लिहिता लिहिता आज्ञांचा घोटाळा होण्याचे भय उरत नाही. पेटी उन्हापासून व उष्णतेपासून दूर ठेवणेही हिताचे असते, कारण उष्णतेने कप्प्यांतील विद्युत्‌भार लवकर गळतो.

तथापि, प्रत्येक उपायाची काही किंमत असते. ऐन पावसाळ्यात वादळाने वीज गेली, तर चपळ स्मृतीत जमलेल्या तासाभराच्या नोंदी पुसल्या जातील. त्यातच रात्री दवाखान्याला आलेल्या तातडीच्या हाकेची नोंद असेल तर? म्हणून शहाणा अभियंता नोंदींची प्रतवारी करतो. संकटसमयीच्या हाकांची नोंद तो तत्काळ पक्की करतो. नित्याच्या नोंदी तासभर थांबवतो. निरुपयोगी नोंदी मुळीच ठेवत नाही. जोडीला लहानशी बॅटरी बसवून, वीज गेल्यावरही जमलेल्या नोंदी उतरून घेण्याइतका अवधी तो यंत्राला मिळवून देतो.

एक नखाएवढी चकती अकाली झिजली, तर बहुधा सबंध पेटीच टाकून दिली जाते आणि विजेच्या उपकरणांच्या कचऱ्यात भर पडते. तीच चकती जपून वापरली, तर पेटी वर्षानुवर्षे सेवा देते. काय लिहावे, केव्हा लिहावे आणि काय लिहू नये, एवढा विवेक यंत्राला शिकविला, म्हणजे गरजेच्या वेळी उचललेला दूरध्वनी मुका राहत नाही.