प्रार्थना आणि पेरणी

मृग कोरडा गेला की शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात आणि हात आपसूक जोडले जातात. याला भाबडेपणा म्हणावे काय?

आपल्या जालना जिल्ह्यातील जांब गावी 1608 साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. बालपणीच वडील गेले. तरुणपणी त्यांच्या काळाने 1630 ते 1632 चा दख्खनचा भीषण दुष्काळ पाहिला. गावेच्या गावे ओस पडली. ‘करुणाष्टकां’त समर्थ लेकरासारखे देवाला आळवतात, आपले उणेपण उघड सांगतात. आणि ‘दासबोधा’त तेच समर्थ प्रयत्नाची थोरवी गातात, आळसाला करंट्याचे लक्षण ठरवतात. यात विरोध नाही बरं का! प्रार्थनेने भीती ओसरते; मन ठिकाणावर आले की पुढची वाट सुचते.

पाऊस पाडणे आपल्या हाती नाही, पडलेला अडवणे आहे. जालन्याजवळच्या कडवंचीने 1996 नंतर बांधबंदिस्ती केली, नाले अडवले, पुढे शेततळी खोदली. 2012 च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या, तेव्हा कडवंचीच्या द्राक्षबागांनी तग धरला.

तेव्हा मंडळी, वाईट साली सांजवेळी घरच्यांनी एकत्र देवापाशी बसावे, मनातले बोलावे. कर्जापायी जीव नकोसा झालेल्या शेजाऱ्यालाही बोलावून घ्यावे; त्याला एकटे सोडू नये. गुरुजींनी मुलांना हे सांगावे. आणि सकाळी उठून बांधावर जावे. चाड्यावर धरलेली मूठ आशेवाचून सुटत नाही.