उघडी इटालियन गाडी घ्यायची, तर कोणती?

आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. छप्पर उघडणारी जुनी इटालियन स्पोर्ट्स कार, आणि तिचं व्याख्यान वर्ध्यात! पण इटालियन वाहनांशी वर्ध्याचं नातं जुनं आहे, आणि ते समजून घेतलं की कोणती गाडी घ्यावी या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं.

जमनालाल बजाज यांना दत्तक घेणारे वर्ध्याचे शेठ बच्छराज. त्यांच्या नावाच्या बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने १९४८ पासून परदेशी दुचाकी-तीनचाकी आणून विकायला सुरुवात केली. पुढे याच कंपनीची बजाज ऑटो झाली. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर इथे व्हेस्पा बनू लागली. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. म्हणजे वाऱ्यावर उघड्याने फिरवणारं इटालियन वाहन आपल्याकडे घरोघरी होतं. फक्त त्याला दोनच चाकं होती.

चारचाकीची गोष्ट मुंबईची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट गाड्या बनवल्या. १९५४ च्या सुमारास आली ती फियाट ११००, जिला लोक लाडाने डुक्कर फियाट म्हणायचे. साठच्या दशकात ११०० डिलाइट आली. सत्तरच्या दशकात तीच गाडी आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. पण खासगी गाड्या अजून आहेत, त्यांचे मिस्त्री आहेत आणि सुटे भागही मिळतात.

आता इथेच मोह होतो. अस्सल उघडी इटालियन गाडी महाग, आणि पद्मिनी हाताशी. मग कुणीतरी सुचवतं, "छप्पर कापून टाका, झाली स्पोर्ट्स कार!" अशा कापलेल्या गाड्या तुम्ही लग्नाच्या वरातीत पाहिल्या असतील. माझं आजचं मुख्य सांगणं हेच आहे, की बाकी काहीही करा, हे करू नका. का ते नीट बघू.

जीपला खाली स्वतंत्र चासी असते. सगळा भार ती पेलते, म्हणून टप काढला तरी जीपचं काही बिघडत नाही. फियाट ११०० चं तसं नाही. तिला वेगळी चासी नाही. तळ, दाराखालचे उंबरठे, खांब आणि छप्पर मिळून एकच पेटी बनते, आणि ती पेटीच भार उचलते. घरी काडेपेटीचं बाहेरचं खोकं घ्या. दोन्ही टोकं धरून पिळा, ते फारसं हलत नाही. आता वरची बाजू कापा आणि पुन्हा पिळा. हाताला लगेच कळेल. छप्पर कापलेली गाडी मधून खचते, दारं अडकू लागतात, आणि टक्कर झाली तर आतल्या माणसाला वाचवायला पेटीच उरत नाही.

मग इटलीत उघड्या गाड्या कशा बनल्या? खुद्द फियाटने १९५५ मध्ये ११०० वर आधारलेली दोन आसनी उघडी गाडी काढली होती. तिचं नाव त्रासफोर्माबिले. नावातच त्रास आहे, आणि तो कंपनीने आधी स्वतः घेतला. छप्पर काढण्यापूर्वी खालचा सांगाडा मजबूत करावा लागतो, तरच अशी गाडी उभी राहते. आपल्या गॅरेजमध्ये ग्राइंडरने कापताना हा अर्धा भाग कुणी करत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर भरपाई अडवू शकते. शिवाय छप्पर कापलं की गाडीचं जुनेपणही गेलं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. डिलाइटचं वय केव्हाच त्यात बसलं, आणि पहिल्या पद्मिनीही आता बसू लागल्या आहेत. मूळ रूपच उरलं नाही, तर हा दरवाजा बंद.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला नसते. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. दर रविवारी नागपूरला जायचं असेल, तर साधी नोंदणीच चालू ठेवा, पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करा आणि राज्याचा पर्यावरण कर भरा.

समजा, कुणाची ऐपत आहे आणि त्याला अस्सल उघडीच हवी. नेहमी तीन नावं पुढे येतात. पहिली, १९६५ ची फियाट ८५० स्पायडर. बेर्तोनेने घडवलेली, गोड दिसणारी. पण इंजिन मागे आणि अवघं ८४३ सीसीचं. मागच्या इंजिनाला थंड ठेवणं आपल्या मे महिन्यात जिकिरीचं काम आहे. दुसरी, १९६६ ची आल्फा रोमेओ स्पायडर. 'द ग्रॅज्युएट' या अमेरिकन चित्रपटात डस्टिन हॉफमन हीच चालवतो. इंजिन सुरेख, १५७० सीसीचं, वर दोन कॅमशाफ्ट. पण दोन जुळे कार्ब्युरेटर एका सुरात आणायला तयार कान लागतो. तो कान आपल्या जवळपास कुणाकडे आहे, हे गाडी घेण्याआधी शोधा, नंतर नव्हे.

तिसरी, फियाट १२४ स्पायडर. तीही १९६६ चीच, पिनिनफारिनाने घडवलेली. इंजिन ऑरेलिओ लांप्रेदी यांचं, ज्यांनी आधी फेरारीची इंजिनं केली होती. चारही चाकांना डिस्क ब्रेक, मागे मुलांपुरती जागा, आणि टप सीटवर बसल्या बसल्या मागे टाकता येतो. १९८५ पर्यंत ती बनत राहिली, एकूण दोन लाखांच्या आसपास, आणि बहुतेक अमेरिकेत गेल्या. त्यामुळे परदेशातून सुटे भाग आजही मागवता येतात. आपल्या प्रीमियर ११८ एनईचं घराणंही १२४ चंच, फक्त इंजिन निस्सानचं. माझं मत विचाराल तर या तिघींत १२४. दोन सूचना मात्र आहेत. हिचे कॅमशाफ्ट रबरी दातेरी पट्ट्यावर चालतात. गाडी किती चालली हे न बघता, घेतल्या घेतल्या पट्टा बदला. आणि कंपनीने ही गाडी फक्त डाव्या स्टिअरिंगची बनवली. अशा गाडीला आपल्या कायद्यानुसार चालू स्थितीतलं सिग्नल देणारं साधन असलंच पाहिजे.

कोणतीही निवडा, तपासणीचा क्रम तोच ठेवा. आधी कागद. आर.सी.वरचा चासी नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर स्वतः जुळवा. आयात गाडी असेल तर कस्टमचे कागद मागा. कार्नेटवर, म्हणजे तात्पुरत्या परवान्यावर आलेली गाडी भारतात विकताच येत नाही. पैसे गेले की मग कागद येत नाहीत.

दुसरं, पत्रा. रंगाला भुलू नका. कापडात गुंडाळलेला लोहचुंबक उंबरठ्यावर आणि चाकांच्या कमानीवर फिरवा. जिथे चिकटत नाही, तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. उघडी गाडी असेल तर जॅक लावून मधून थोडी उचला आणि दाराची फट बघा. फट बदलली किंवा दार अडकलं, तर पेटी कमजोर झाली आहे. इथे विदर्भाच्या कोरड्या हवेचा फायदा आहे. समुद्राकाठी राहिलेल्या गाडीपेक्षा आर्वी किंवा हिंगणघाटला शेडमध्ये उभी राहिलेली गाडी गंजाच्या बाबतीत बहुधा बरी निघते.

तिसरं, ऊन. आपल्या उन्हात टपाचं कापड आणि रबर लवकर तडकतं. पेट्रोल पंपात किंवा नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. जुने फियाटवाले पंपावर ओलं फडकं ठेवायचे ते याचसाठी. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबरी नळ्या खातं. म्हणून सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या बसवून घ्या. गळकी नळी आणि तापलेलं इंजिन, यातून आगच लागते.

आता निकाल सांगतो. पहिल्यांदाच जुनी गाडी घेत असाल, तर छप्पर असलेली, न कापलेली डिलाइट किंवा पद्मिनी घ्या. तिच्यावर दोन-तीन उन्हाळे काढा, कार्ब्युरेटर साफ करायला स्वतः शिका. त्यानंतरही उघडीच हवी वाटली, तर भारतात आधीच नोंदणी झालेली, स्वच्छ कागदांची १२४ शोधा. आणि वारा खाण्याची घाईच असेल, तर कुणाच्या तरी गोठ्यात पडलेली जुनी व्हेस्पा आधी चालू करा. खर्च कमी, आणि तिच्यावर हातही बसेल.

आता प्रश्न घेऊ. ऑनलाइन मंडळींनी आपल्या गाडीचं साल आणि मॉडेल आधी लिहावं, म्हणजे नेमकं उत्तर देता येईल.